हात वर करून घेतलेलं माप

माझं ब्लाउज शिकवण्याचं चॅनेल आहे, मोबाईलवर बघायचं. सगळं मी एकटी करते. कापड आणणं, कापणं, शिवणं, शूटिंग, एडिटिंग, बायकांच्या कमेंटना उत्तरं देणं, त्यांनी विकत मागवलेले फर्मे, म्हणजे कापडावर ठेवून कापायचे कागदी नमुने, पाकिटात घालून कुरिअरवाल्याकडे पोचवणं. त्यावर आमचं घर चालतं. व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण चॅनेल उभं आहे ते एका व्हिडिओवर. त्यात जी पद्धत आहे ती माझी नाही. ती निघोज्याच्या काकूंची आहे आणि मी ती माझी म्हणून सांगितली. हे कसं झालं ते एकदा लिहून काढायचं होतं.

आम्ही परभणीकडचे. लग्नानंतर नवरा चाकणला पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटावर लागला आणि आम्ही निघोज्यात खोली घेतली. खोली, आत मोरी, बाहेर सामाईक नळ. तो शिफ्टला गेला की दिवस रिकामा. घरमालकिणीने सांगितलं, बसून काय करतेस, काकूंकडे शिवण शिक. म्हणून गेले. शिवणाची आवड वगैरे काही नव्हती.

काकू गावातल्याच. जमीन कंपन्यांना गेली होती. आलेल्या पैशांतून मुलाने दुमजली घर बांधलं. त्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत काकूंची चार पायमशिनं होती. बाकीचं घर मुलाचं आणि सुनेचं, ती एक खोली काकूंची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. क्लासच्या फीवर त्या स्वतःचा खर्च भागवत आणि मुलापुढे हात पसरावा लागत नाही हे आम्हाला दिवसातून एकदा तरी ऐकवत. घरात सून काही बोलली की त्या उठून पुढच्या खोलीत येत आणि एखादीचं शिवण हातात घेऊन तपासायला लागत. तिथे त्यांना कोणी काही बोलू शकत नसे.

शिकवणं कडक. पहिला महिना दोरा न ओवता जुन्या वर्तमानपत्रावर सरळ मशीन मारायचं. मग शिवायचं आणि उसवायचं. शिवण चांगली आली तरी उसवायला लावत. कोणी तोंड वाकडं केलं तर तेच पुन्हा. मी फार वेळा उसवलं, कारण माझं तोंड लगेच वाकडं होतं.

सहाव्या महिन्यात त्या माप शिकवायला दारामागची पाटी काढत. कांदे वाहायची असते तशी, रिकामी, एका बाजूने मोडलेली. माप द्यायला आलेल्या बाईने ती डोक्यावर घ्यायची आणि एका हाताने धरायची. बाया लाजायच्या, हसायच्या. काकू तोंडात टाचण्या धरून मुकाट्याने माप घ्यायच्या. आधी हात खाली असताना, मग हात वर असताना. दोन्ही मापांत फरक येतो. तो फरक बगलेखाली किती सोडायचा आणि बाहीच्या गोलाईत किती, यात त्यांचं सगळं कसब होतं. असा ब्लाउज हात वर केला तरी कमरेपासून वर सरकत नाही आणि मुंढ्यात, बाही जोडतात तिथे, उसवत नाही.

हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. तरुणपणी गावातल्या बायका कांद्याच्या पाट्या वाहायच्या आणि त्यांचे ब्लाउज सदा एका बगलेत फाटलेले असायचे. ज्या हाताने पाटी धरायची त्याच बगलेत. ते बघून बघून काकूंनी पद्धत बसवली. पुढे शेतं गेली आणि त्याच बायका कंपन्यांत कॅन्टीनला, साफसफाईला, पॅकिंगला लागल्या. पाटी गेली, पण सकाळी बसची दांडी धरायची आणि दिवसभर वरच्या फळीवरचे डबे काढायचे. ब्लाउज तिथेच फाटत होते. चाकण, महाळुंगे, मोई, कुठून कुठून बायका काकूंकडे येत. मी एकदा विचारलं की बाकीचे शिंपी असं माप का घेत नाहीत. त्या म्हणाल्या, "बाई कधी पुतळ्यावानी उबी असती व्हय? माप देताना तेवढी उबी ऱ्हाती."

शेवटच्या दिवशी ओटी भरायचा रिवाज होता. काकूंना नवरा नाही म्हणून त्या स्वतः भरत नसत, सुनेला हाक मारून तिच्या हातून भरवत. फर्मा मात्र स्वतः देत. जाड खाकी कागदावर त्यांनी कापलेला, ज्या मुलीला द्यायचा तिच्या मापाचा. तो हातात ठेवताना शब्द घेत.

"शिवन कुटंबी कर. माज्या दारासमोर दुकान टाक, मी काय बोलायची न्हाई. पन क्लास काडायचा तर माज्या गावात न्हाई."

सगळ्या हो म्हणायच्या, मीही म्हटलं. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं. शिवणाऱ्या दहा झाल्या तरी गिऱ्हाईक पुरतं. शिकवणाऱ्या दोन झाल्या की एकीची खोली रिकामी पडते.

पुढे आठ-नऊ वर्षं मी निघोज्यातच शिवत होते. अडलं की काकूंकडे धावायचे. मग नवऱ्याला पिंपरीकडे काम मिळालं आणि आम्ही पिंपरीत स्टेशनपलीकडे दोन खोल्या घेतल्या. इथे अस्तर, हूक, लेस सगळं पिंपरी कॅम्पाच्या बाजारात चालत जाऊन आणता येतं, पण शिवणारी बाईही दर दुसऱ्या दारात आहे. गिऱ्हाईक तुटपुंजं. त्यातच नवऱ्याची कंबर धरली आणि प्रेसवर उभं राहणं संपलं. तो एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसायला लागला. मुलगी दहावीला. तेव्हा मी चॅनेल काढलं. छंद म्हणून नाही.

सुरुवात कशी केली ते सांगते, कारण बायका मला हेच सर्वांत जास्त विचारतात. कपडे वाळत घालायच्या दांडीला मोबाईल उलटा बांधला, केसांची दोन रबरं आणि चिमटे लावून. खाली पलंगावर प्लायवूडची फळी, तेच कटिंगचं टेबल. सकाळी नळाचा आवाज, अकराला वरच्या मजल्यावरचा मिक्सर, मग भंगारवाला. शांतता मिळायची साडेबारा ते दोन, तेवढ्यात एक व्हिडिओ उरकायचा. एडिटिंग मोबाईलवरच शिकले, इतरांचे व्हिडिओ बघून. पहिलं दीड वर्ष माझे व्हिडिओ मी, नवरा आणि परभणीची माझी बहीण एवढीच माणसं बघत होतो, आणि बहीणसुद्धा शेवटपर्यंत बघत नव्हती. तिने तसं कबूल केलं.

चूक कुठे होते ते मी शोधून काढलं. बाकीच्या काय दाखवतात ते महिनाभर वही घेऊन बघितलं. सगळ्या तेच दाखवत होत्या. बोटनेक, प्रिन्सेस कट, कटोरी, पाठीला दोरी. मीही तेच दाखवत होते, फक्त त्यांच्यापेक्षा कमी उजेडात. वेगळं दाखवण्यासारखं माझ्याकडे एकच होतं.

शब्द दिला होता हे मला आठवत होतं. विसरले असं मी कधीच म्हणणार नाही. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो चपला घालत होता, ड्यूटीला निघाला होता.

"निघोज्यात बोर्ड लावतेस का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग झालं तर."

मला तेच ऐकायचं होतं. गावात क्लास काढायचा नाही असं ठरलं होतं, आणि मी पिंपरीत माझ्या पलंगाशी बसून बोलणार होते. मोबाईल निघोज्यातही असतो, प्रत्येक घरात दोन-दोन असतात, हे मला कळत नव्हतं असं नाही.

व्हिडिओसाठी पाटी घेतली नाही. पिंपरीत पाटी कुठे शोधायची, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की पाटी दिसली असती तर निघोज्याच्या कुठल्याही बाईने ओळखलं असतं. म्हणून पडद्याच्या दांडीला शेजारणीला हात लावायला सांगितलं आणि म्हटलं, बसमध्ये दांडी धरतो तसा हात वर करा. बाकी सगळं काकूंचं, तोंडात टाचण्या धरणंसुद्धा. शीर्षक दिलं की हात वर केला तरी हा ब्लाउज वर सरकणार नाही.

पंधरा दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी उठून बघते तर मोबाईल कमेंटनी भरलेला. नर्स होत्या, फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षिका होत्या, पोळ्या लाटणाऱ्या होत्या. एका कंडक्टर बाईने लिहिलं की आजवर एका हाताने तिकीट फाडायचे आणि एका हाताने ब्लाउज खाली ओढायचे, आता दोन्ही हात नोकरीला लागले. मी हसले. खूप दिवसांनी हसले असेन.

त्याच दिवशी एकीने विचारलं, "ताई, ही पद्धत तुमची स्वतःची का?"

मी लिहिलं, "हो ताई. इतक्या वर्षांच्या अनुभवातून."

लिहायला किती वेळ लागला असेल? कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये लिहिलं. माझ्या हातून नंतर जे काही झालं ते या एका उत्तरामुळे झालं. व्हिडिओ टाकला एवढंच असतं तर निस्तरता आलं असतं. पण एकदा हो म्हटल्यावर दुसरीने विचारलं तिलाही हो, तिसरीलाही हो. मग विचारायच्या आधीच मी म्हणायला लागले, माझी पद्धत, माझं माप.

सहा महिन्यांत जाहिरातींचे पैसे घरभाड्याला पुरायला लागले. मग बायका म्हणाल्या, ताई, फर्मा तयार मिळेल का. पहिला फर्मा मी काकूंनी दिलेल्या खाकी कागदावरूनच उतरवला. इतकी वर्षं तो गादीखाली सपाट ठेवला होता. त्यावरून लहान-मोठे आकार पाडले आणि विकायला काढले. ते चांगले खपले. मुलीला कॉलेजात घातलं. नवऱ्याला कमरेसाठी चांगल्या डॉक्टरकडे नेलं. हे मी स्वतःची बाजू मांडण्यासाठी सांगत नाही. पैसे कुठे गेले ते माहीत असावं म्हणून सांगते.

काकूंना फोन केला नाही. दिवाळीला करते म्हटलं, संक्रांतीला करते म्हटलं. त्यांच्याकडे साधा फोन होता, त्या व्हिडिओ कुठून बघणार असाही हिशेब मनात होता.

मग तळेगावहून फोन आला. माझ्याबरोबर क्लासला असलेली एक जण तळेगाव दाभाड्याला राहते, तिथे शिवण शिकवते. ती नात्यातल्या कार्याला निघोज्यात गेली होती आणि काकूंना भेटून आली होती. तिने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. म्हणाली, काकूंच्या क्लासला यंदा तीनच पोरी आहेत. एक नवीन आली होती, पहिल्याच आठवड्यात काकूंनी एका गिऱ्हाईक बाईचं माप घ्यायला पाटी काढली. ती पोर म्हणाली, काकू, हे तर मोबाईलवरच्या त्या पिंपरीच्या ताईंचं आहे, तुम्ही त्यांचं बघून शिकलात का? पोर दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मोबाईलवर फुकट आहे म्हणाली.

मी विचारलं, "हे मला कशाला सांगतेस?"

"तुला कळावं म्हणून. मी तळेगावात क्लास काढला तेव्हा काकूंना विचारायला गेले होते. तळेगाव काय त्यांचं गाव आहे? तरी गेले."

"काय म्हणाल्या?"

"हसल्या. म्हणाल्या, काड, आन् फी कमी ठेवू नगं."

दोन दिवसांनी मी निघोज्याला गेले. गणपती नुकतेच गेले होते. पिंपरीहून चाकणला बस, तिथून शेअर रिक्षा. रिक्षात माझ्या बाजूला बसलेल्या मुलीने मला ओळखलं आणि फोटो काढला. एरवी मला ते आवडतं.

पुढच्या खोलीत दोन मुली मशीनवर होत्या. काकूंनी मला दारात पाहिलं आणि मुलींना म्हणाल्या, "बगा गं, ह्या मोबाईलवरच्या बाई. खऱ्या बी हायेत." मुली उठून उभ्या राहिल्या. काकूंनी त्यांना लवकर घरी पाठवलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि मला स्टूल दिलं. मी क्लासला असताना ज्या स्टुलावर बसायचे तेच असावं, पण सगळी स्टुलं सारखीच होती.

मी म्हटलं, काकू, व्हिडिओ काढून टाकते.

"काडून काय हुतंय? त्यावरनं आनखी चौगींनी बनिवलंय. सुनंनं दावलं मला. एक तर हिंदीत हाय."

मग मी पैशांचं बोलले. फर्म्यांचे जे येतात त्यातले दर महिन्याला देते म्हटलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी मागितलं का?"

त्या पुढे बोलल्या, आवाज न चढवता. "त्या पोरीनं इचारलं, काकू, तुमी कुनाचं बगून शिकला. आता मी काय सांगू तिला? कुनाचं नाव घिऊ? तुजं?"

त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. काय हवं ते सरळ सांगितलं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. मी चॅनेलवर एकदा त्यांचं नाव घ्यायचं, गावाचं घ्यायचं आणि म्हणायचं की ह्या बाईने शिकवलं. म्हणजे त्यांना मुलींना म्हणता येईल, ती माझ्याच हाताखालची आहे, या, मी तुम्हालाही शिकवते. सून म्हणत होती की तीन मुलींसाठी एवढी रस्त्याकडची खोली अडवून काय करायचं. कंपनीतली पोरं चार-चार मिळून खोली शोधत फिरतात, भाडं चांगलं येतं. मुलाने दिवाळीपर्यंत थांबायचं ठरवलं होतं.

"दिवाळीपातुर," काकू म्हणाल्या. "तवर पोरी आल्या तर खोली माजी."

मी म्हटलं, आठ दिवसांत करते.

त्या म्हणाल्या, "कर. आन् उजेड जरा बरा ठिव. तुजं त्वांड काळं दिसतंय त्यात."

त्या खरोखर उजेडाबद्दलच बोलत होत्या. त्यांनी व्हिडिओ नीट बघितला होता.

आठ दिवसांत मी केलं नाही. त्याच महिन्यात मी माझा पहिला पैसे घेऊन शिकवायचा ऑनलाइन क्लास जाहीर केला होता. दिवाळीच्या आधी सुरू होऊन दिवाळीनंतर संपणारा. जाहिरातीत माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, स्वतः शोधलेली पद्धत. बायकांनी फी भरली होती. आता मधेच उभं राहून सांगायचं की ही पद्धत मी शोधलेली नाही, निघोज्यात एक काकू आहेत, तर फी परत मागतील, खोटारडी म्हणतील, आणि जे चार वर्षांत उभं केलं ते एका दुपारी बसेल, असं मला वाटलं. आज वाटतं, फार तर दहा-बारा जणींनी मागितली असती. तेव्हा मी ते करून बघितलं नाही. क्लास संपला की लगेच करू असं ठरवलं. क्लास दिवाळीनंतर संपणार होता आणि काकूंनी दिवाळी म्हटलं होतं. दोन्ही मला ठाऊक होतं.

मधे काकूंचा एकदा फोन आला. मी म्हटलं, करतेच आहे काकू, थोडं काम आलंय. त्या म्हणाल्या, बरं. पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

भाऊबीज झाली, क्लास संपला, आणि मी व्हिडिओ केला. चांगला केला. खिडकीशी बसले म्हणजे उजेड बरा येईल. काकूंचं पूर्ण नाव घेतलं, निघोजे सांगितलं, पाटीचं सगळं सांगितलं. मी आधी हो म्हटलं ते खोटं होतं, हेही सांगितलं. कोणी खोटारडी म्हटलं नाही. एक-दोघींनी लिहिलं की ताई, मोठ्या मनाच्या आहात. व्हिडिओ फार कोणी बघितला नाही. त्यात कटिंग नव्हतं, बायका कशाला बघतील.

मोबाईल घेऊन निघोज्याला गेले. रस्त्याकडच्या खोलीबाहेर सेफ्टी शूजचे चार जोड होते. आत लोखंडी कॉट आणि भिंतीला हेल्मेटं टांगलेली. एक जण झोपला होता, तिसऱ्या शिफ्टचा असेल. सून म्हणाली, मागे आहेत. दोन मशिनं विकली होती. दोन मागच्या बोळात चादरीखाली होती आणि त्यांच्या शेजारी काकू बसल्या होत्या. मांडीवर कोणाची तरी जीन्सची पँट होती. खोलीत भाड्याने राहणाऱ्या पोरांच्या पँटी त्या हाताने आखूड करून देत होत्या.

मी व्हिडिओ लावून मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून पूर्ण बघितला. स्वतःचं नाव आलं तिथे त्यांनी सुनेकडे बघितलं, पण ती स्वयंपाकघरात गेली होती.

"बरं बोललीस," त्या म्हणाल्या. मोबाईल परत दिला. मग म्हणाल्या, "काल मोईच्या दोगीजनी आल्त्या. तुजं हे बगूनच आल्त्या. दारात बूट बगितले आन् मागं फिरल्या. सुनंनं सांगितलं, क्लास बंद झाला."

मी म्हटलं, काकू, बोळात मशीन मांडू. पिंपरीला माझ्याकडे या, आठवड्यातून दोन दिवस, मी नेऊन आणीन. तुम्ही शिकवा, मी नुसती शूटिंग करते.

"माजं दार सोडून तुज्या दारात बसू?"

एवढंच म्हणाल्या. रागाने म्हणाल्या नाहीत. मग सुई उजेडाकडे धरून दोरा ओवायला लागल्या. एका फटक्यात ओवला. मी चहा न घेता निघाले, कारण तो कोणी विचारला नाही.

यालाही आता वर्ष होऊन गेलं. जुना व्हिडिओ मी काढलेला नाही. तो काढला तर चॅनेल बसेल आणि घरात दुसरं येणारं फारसं काही नाही. त्याच्या खाली काकूंचं नाव लिहिलं आहे, पण खालचं कोणी वाचत नाही. पैसे भरून शिकणाऱ्या मुलींच्या धड्यात बदल करता येतो, म्हणून तो धडा नवा केला. सुरुवातीलाच काकूंबद्दल एक मिनिट बोलले. कोण कुठपर्यंत बघतं ते मला आलेखावर दिसतं. ते मिनिट जवळजवळ सगळ्याजणी पुढे ढकलत होत्या. तेव्हा धडा तिसऱ्यांदा शूट केला आणि नाव मधे घेतलं, हात वर असतानाचं माप सांगते आणि त्यातला फरक बगलेत आणि बाहीत वाटायला घेते त्या दोन वाक्यांच्या मध्ये. तिथे मुली व्हिडिओ थांबवतात, मागे नेतात, माप वहीत लिहून घेतात. ते ढकलता येत नाही. नाव कानावर पडतंच.

गेल्या महिन्यात एका मुलीने विचारलं की त्या काकूंचा क्लास कुठे असतो, जायचं आहे. मी लिहिलं, बंद झाला. तिने विचारलं, का? मी अजून उत्तर दिलेलं नाही.